माध्यमिक शाळेच्या विज्ञान प्रयोगशाळेसाठी शासकीय निधी : साठा मोजण्यापासून उपयोगिता प्रमाणपत्रापर्यंत

माध्यमिक शाळांनी प्रयोगशाळेसाठी पाठवलेले प्रस्ताव परत येतात तेव्हा त्यांच्यावरचा शेरा ठरलेला असतो : ‘त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावा.’ अशा परत आलेल्या फायली वाचून दुरुस्त करून देण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे येते आणि त्यांतल्या चुका पुन्हा पुन्हा त्याच दिसतात. साहित्याची यादी पुरवठादाराच्या सूचिपत्रावरून जशीच्या तशी उतरवलेली असते. यू-डायस प्लसमध्ये (शाळांच्या माहितीच्या शासकीय ऑनलाइन नोंदणीत) प्रयोगशाळा सुसज्ज असल्याची नोंद असते आणि प्रस्तावात मात्र ‘शाळेत प्रयोगशाळा नाही’ असे वाक्य असते. ठरावाची तारीख पुरवठा आदेशाच्या नंतरची असते. आणि सर्वांत वाईट म्हणजे, ज्या योजनेत शाळा मुळात बसतच नाही त्या योजनेकडे अर्ज करून वर्ष वाया गेलेले असते.

पुढील टप्पे महाराष्ट्रातील इयत्ता नववी-दहावीचे वर्ग असलेल्या शाळांचे मुख्याध्यापक, विज्ञान शिक्षक आणि लिपिक यांच्यासाठी आहेत. ते याच क्रमाने करावेत, कारण प्रत्येक टप्प्यातून तयार होणारा कागद पुढच्या टप्प्यात आधार म्हणून लागतो.

टप्पा १ : आपली शाळा कोणत्या दाराशी उभी आहे ते ठरवा

अर्ज लिहिण्याआधी शाळेचे व्यवस्थापन कोणत्या प्रकारात मोडते ते मान्यता आदेशावरून पाहावे. तोंडी माहितीवर विसंबू नये, कारण एकाच आवारात अनुदानित तुकड्या, अंशतः अनुदानित तुकड्या आणि स्वयंअर्थसहाय्यित वर्ग शेजारी शेजारी चालत असतात आणि निधीच्या दृष्टीने ही तीन वेगळी प्रकरणे ठरतात.

जिल्हा परिषद, नगरपरिषद, महानगरपालिका किंवा शासनाची माध्यमिक शाळा असेल तर पहिले दार समग्र शिक्षा योजनेचे आहे. २०१८-१९ पासून चालू असलेल्या या योजनेत महाराष्ट्रासाठी केंद्र आणि राज्य यांचा वाटा ६०:४० असून राज्यात ती महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेमार्फत राबवली जाते. नावात ‘प्राथमिक’ आहे म्हणून माध्यमिक शाळांनी तिकडे पाहायचेच नाही, हा एक जुना गैरसमज आहे. या योजनेतून शाळेला दोन वेगळ्या वाटांनी पैसे मिळू शकतात आणि त्या एकमेकींत मिसळू नयेत. एक म्हणजे संयुक्त शाळा अनुदान. ते पटावर ठरते : ३० पर्यंत पट असल्यास १०,००० रुपये, ३१ ते १०० पटाला २५,०००, १०१ ते २५० पटाला ५०,०००, २५१ ते १,००० पटाला ७५,००० आणि त्याहून अधिक पटाला १ लाख रुपये. त्यातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करावी लागते. उरलेल्या रकमेतून नादुरुस्त साहित्य बदलणे, प्रयोगशाळेतील वापरून संपणाऱ्या वस्तू आणणे, वीज-पाण्याचा खर्च अशा बाबी भागवता येतात. दुसरी वाट म्हणजे वार्षिक कार्ययोजना व अंदाजपत्रकात शाळेचे नाव घालून प्रयोगशाळेची खोली किंवा साहित्य मंजूर करून घेणे. परीक्षानळ्या, निर्देशक द्रावणे आणि स्पिरिटचे दिवे यांसाठी दुसऱ्या वाटेने जाऊ नये. ते काम पहिल्या वाटेने त्याच वर्षी होते.

खासगी अनुदानित शाळांना समग्र शिक्षेतून इमारत किंवा खोली मिळत नाही, हे संस्थाचालकांना वारंवार सांगावे लागते. या शाळांनी रोजच्या खर्चासाठी वेतनेतर (पगाराव्यतिरिक्तच्या खर्चाचे) अनुदान आणि मोठ्या बाबींसाठी जिल्हा वार्षिक योजना, आमदार स्थानिक विकास निधी किंवा खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना ही दारे तपासावीत. आमदार-खासदार निधीत पैसे शाळेच्या खात्यात येत नाहीत. लोकप्रतिनिधी शिफारस करतात, जिल्हा यंत्रणा मंजुरी देते आणि नेमलेली कार्यान्वयन यंत्रणा काम करते. म्हणून ‘साहेबांनी पत्र दिले आहे’ एवढ्यावर पुरवठादाराला शब्द देणे धोक्याचे असते. शासनमान्य खासगी शाळेत ७० टक्के किंवा त्याहून अधिक विद्यार्थी अल्पसंख्याक समाजांतील असतील, तर अल्पसंख्याक विकास विभागाच्या पायाभूत सुविधांच्या योजनेत विज्ञान प्रयोगशाळेचा समावेश होतो आणि तिचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाकडे करायचा असतो. शासकीय आणि अनुदानित आदिवासी आश्रमशाळांची फाईल आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प अधिकाऱ्यांकडे जाते. ती शिक्षणाधिकाऱ्यांकडे दिल्यास फक्त फिरत राहते.

दोन योजनांची नावे या विषयात नेहमी चुकीच्या जागी घेतली जातात. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधील अटल टिंकरिंग लॅबसाठी निवड झालेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत सहायक अनुदान देण्याची तरतूद आहे : १० लाख उभारणीसाठी आणि १० लाख पुढील पाच वर्षांच्या चालू खर्चासाठी. सहावी ते बारावीच्या शासकीय, अनुदानित आणि खासगी शाळा तीत येऊ शकतात आणि सपाट प्रदेशातील शाळेसाठी १,५०० चौरस फूट जागेची अट आहे. मात्र या पैशांतून इलेक्ट्रॉनिक्स, संवेदक, त्रिमितीय मुद्रक, यांत्रिक अवजारे अशा गटांतील साहित्य घ्यायचे असते. दहावीच्या प्रात्यक्षिकांचे चंचुपात्र आणि ब्युरेट त्यात बसवण्याचा प्रयत्न लेखापरीक्षणात सापडतो. दुसरे नाव इन्स्पायर-मानक योजनेचे. तिचे १०,००० रुपये निवड झालेल्या विद्यार्थ्याच्या खात्यात त्याच्या कल्पनेचे प्रतिरूप तयार करण्यासाठी येतात. तो प्रयोगशाळेचा निधी नाही.

तपासा : शाळेच्या मान्यता आदेशाची प्रत फायलीत पहिल्या पानावर लागली आहे का? निवडलेल्या योजनेच्या शासन निर्णयात आपल्या व्यवस्थापन प्रकाराचा स्पष्ट उल्लेख आहे का? तो सापडत नसेल तर येथेच थांबून दार बदलावे.

टप्पा २ : असलेले साहित्य मोजा आणि मोडके निर्लेखित करा

नवीन मागण्याआधी जुने काय आहे ते कागदावर येणे आवश्यक आहे. जडवस्तू संग्रह नोंदवही (टिकाऊ वस्तूंच्या साठ्याची वही) घेऊन विज्ञान शिक्षक, प्रयोगशाळा सहायक किंवा परिचर आणि लिपिक अशा तिघांनी एका दिवशी प्रत्यक्ष पडताळणी करावी. नोंदवहीत बारा सूक्ष्मदर्शी असतील, कपाटात नऊ सापडतील आणि त्यांतले चार चालत असतील, तर हे तीनही आकडे वेगवेगळ्या रकान्यांत लिहावेत. फक्त ‘चार’ लिहिले तर उरलेल्या आठांचा जाब विचारला जातो आणि फक्त ‘बारा’ लिहिले तर नव्या मागणीचे कारणच उरत नाही.

मोडलेले साहित्य फेकून देऊ नये. त्याची यादी करून निर्लेखनाचा (साठ्यातून कमी करण्याचा) प्रस्ताव सक्षम अधिकाऱ्याकडे पाठवावा आणि मंजुरीनंतरच त्याची विल्हेवाट लावून नोंदवहीत तांबड्या शाईने नोंद घ्यावी. अनेक शाळांमध्ये १९८०-९० च्या दशकांतील व्होल्टमीटर आजही कागदोपत्री जिवंत आहेत आणि त्यांच्याचमुळे नवी मागणी ‘साहित्य उपलब्ध आहे’ असे सांगून अडवली जाते. कालबाह्य रसायनांचे मात्र निराळे प्रकरण आहे. लेबल गळून पडलेल्या बाटल्या, रॉकेलमधून उघडा पडलेला सोडियम, पाऱ्याच्या फुटक्या उष्णतामापी यांना मुलांकरवी हात लावू नये आणि बेसिनमध्येही ओतू नये. त्यांची स्वतंत्र यादी करून त्या कुलपात ठेवाव्यात आणि विल्हेवाटीबाबत कार्यालयाकडून लेखी सूचना मागवाव्यात.

याच दिवशी खोलीही मोजून घ्यावी : लांबी-रुंदी, दारे, खिडक्या, विजेचे प्लग, अर्थिंग, पाण्याचा नळ, सांडपाण्याचा मार्ग, अग्निशामक नळकांडे आणि त्याची पुनर्भरणाची तारीख. खोलीची चार छायाचित्रे काढावीत आणि त्यांत पाण्याचा नळ व विजेचा फलक दिसेल असे पाहावे. ज्या खोलीत पाणी नाही तिथे रसायनशास्त्राचे साहित्य देऊ नये असे मत तपासणी अधिकाऱ्याने दिल्यास त्यात त्याची चूक नाही.

टप्पा ३ : यू-डायस प्लसची नोंद खरी करा

हा टप्पा बहुतेक शाळा वगळतात आणि बहुतेक प्रस्ताव इथेच मरतात. समग्र शिक्षेची वार्षिक योजना शाळांच्या अर्जांवर कमी आणि यू-डायस प्लसमधील माहितीवर अधिक चालते. तुमच्या शाळेच्या ११ अंकी सांकेतांकापुढे (महाराष्ट्रातील सांकेतांक २७ ने सुरू होतात) एकात्मिक विज्ञान प्रयोगशाळा ‘उपलब्ध’ आणि तिची स्थिती ‘पूर्ण सुसज्ज’ अशी नोंद असेल, तर गरजू शाळांच्या यादीत तुमचे नाव येण्याचे कारणच उरत नाही, मग अर्ज कितीही कळकळीने लिहिलेला असो.

अशी नोंद होते कशी, हेही सांगतो. माहिती भरण्याची मुदत संपत आलेली असते, केंद्रप्रमुखांचा फोन येतो, लिपिक मागच्या वर्षीची माहिती तशीच पुढे सरकवतो आणि ‘नाही’ लिहिले तर शाळेची अब्रू जाईल या भीतीने कोणीतरी ‘आहे’ला टिचकी मारतो. म्हणून माहिती भरताना टप्पा २ मधील पडताळणीचा कागद समोर ठेवावा. स्वतंत्र खोली आहे पण साहित्य अपुरे आहे, अशी स्थिती असेल तर ‘अंशतः सुसज्ज’ हीच खरी नोंद असते. माहितीचा संदर्भ दिनांक ३० सप्टेंबर धरला जातो आणि पुढील वर्षाच्या योजनेची आखणी हिवाळ्यात सुरू होते. फेब्रुवारीत चूक लक्षात आली तर ती त्या वर्षापुरती बहुधा हातातून गेलेली असते.

सावधान : निधी मिळावा म्हणून असलेली प्रयोगशाळा ‘नाही’ दाखवू नये. मागील वर्षांच्या नोंदी तशाच जतन असतात आणि एका वर्षात नाहीशी झालेली खोली लगेच प्रश्न उभा करते.

तपासा : अंतिम केलेल्या शाळा अहवाल पत्राची छापील प्रत काढून मुख्याध्यापकांनी स्वतः वाचली आणि स्वाक्षरीसह फायलीत ठेवली आहे का?

टप्पा ४ : यादी प्रयोगांवरून काढा, सूचिपत्रावरून नव्हे

पुरवठादाराचे प्रतिनिधी ‘माध्यमिक विज्ञान संच’ नावाची छापील यादी घेऊन येतात. तिच्यात मानवी सांगाड्यापासून सूर्यमालेच्या प्रतिकृतीपर्यंत सर्व काही असते आणि ज्याची खरी गरज आहे ते एकेकच असते. ती यादी बाजूला ठेवावी. नववी आणि दहावीची विज्ञान आणि तंत्रज्ञानाची पाठ्यपुस्तके व प्रात्यक्षिकांची यादी घेऊन बसावे, आणि एका तक्त्यात प्रत्येक प्रयोगापुढे लागणारे साहित्य, एका गटाला लागणारी संख्या, गटांची संख्या, एकूण गरज, चालू स्थितीतील उपलब्ध साहित्य आणि निव्वळ मागणी असे रकाने भरावेत. दहावीच्या विज्ञानाच्या दोन्ही भागांची लेखी परीक्षा प्रत्येकी ४० गुणांची आणि उरलेले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत. प्रात्यक्षिके त्या २० गुणांत येतात. प्रस्तावाच्या समर्थनात हे एक वाक्य लिहिले तरी मागणीला आधार मिळतो.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. नववीच्या धाराविद्युत प्रकरणातील ओहमच्या नियमाचा प्रयोग घ्या. तुकडीत ६० विद्यार्थी आहेत, प्रात्यक्षिकासाठी ३० जणांच्या दोन फळ्या होतात, आणि एका गटात पाच विद्यार्थी ठेवले तर एका वेळी सहा संच लागतात. शिक्षकांच्या प्रात्यक्षिकासाठी एक धरून सात. एका संचात व्होल्टमीटर, ॲमीटर, रिओस्टॅट, रोध, कळ, दोन विद्युतघटांची बैठक आणि जोडतारा. आता मोजपट्टी ठरवा, कारण खरी चूक इथे होते. दोन घटांचे मिळून सुमारे ३ व्होल्ट आणि रोध १० ओहम असेल तर धारा सुमारे ०.३ ॲम्पिअर येते. ० ते ३ ॲम्पिअरच्या ॲमीटरवर काटा पट्टीच्या एक दशांश भागातच घुटमळतो आणि मुलांना वाचनांतला फरक दिसत नाही. ० ते ५०० मिलिॲम्पिअरच्या ॲमीटरवर तोच काटा निम्म्याच्या पुढे जातो. म्हणून यादीत नुसते ‘ॲमीटर, ७ नग’ न लिहिता ‘ॲमीटर, एकदिश धारा, ० ते ५०० मिलिॲम्पिअर, ७ नग’ असे लिहावे. व्होल्टमीटर ० ते ३ व्होल्टचा पुरतो. शाळेत तीन चालू व्होल्टमीटर असतील तर निव्वळ मागणी चार होते, आणि ही वजाबाकी तक्त्यात दिसली पाहिजे.

सूक्ष्मदर्शीबाबतही हेच. नेत्रभिंग किती पट, वस्तुभिंगे कोणती (शाळेसाठी १० पट आणि ४० पट पुरेशी असतात), प्रकाशासाठी आरसा की विजेचा दिवा की दोन्ही, हमीचा कालावधी किती, हे लिहावे. १०० पट वस्तुभिंगाला तेल लागते, ते वापरायला सराव लागतो, आणि दहावीपर्यंतच्या कोणत्याही प्रयोगाला त्याची गरज पडत नाही; तरीही ते महागडे भिंग बहुतेक याद्यांत असते, कारण ते संचात येते. काचसामान तापवण्यासाठी असेल तर बोरोसिलिकेट काचेचे असे नमूद करावे. एरवी स्वस्त दराने साधी काच येते आणि पहिल्याच आठवड्यात तडकते.

विनिर्देश (वस्तूचे माप, प्रकार आणि गुणधर्म) लिहिताना एखाद्या कंपनीचे नाव किंवा केवळ तिच्याच वस्तूला लागू पडेल असे माप लिहू नये. गुणधर्म लिहावेत, मार्का नव्हे.

यादीचे शेवटी तीन भाग करावेत : टिकाऊ उपकरणे, काचसामान व रसायने, आणि सुरक्षिततेचे साहित्य. पहिला भाग अनावर्ती किंवा भांडवली (एकदाच होणाऱ्या) खर्चात जातो, दुसरा आवर्ती (पुन्हा पुन्हा होणाऱ्या) खर्चात. आणि तिसरा भाग, म्हणजे संरक्षक चष्मे, प्रथमोपचार पेटी, वाळूच्या बादल्या, अग्निशामक, हा नेहमी विसरला जातो. साहित्य ठेवण्याची कपाटेही लिहावीत. कपाटांशिवाय मंजूर झालेली उपकरणे पुढे मुख्याध्यापकांच्या खोलीत खोक्यांतच राहिलेली मी पाहिली आहेत.

टप्पा ५ : आधी ठराव, मग दरांची चौकशी, मग प्रस्ताव

शाळा व्यवस्थापन समितीच्या, आणि खासगी शाळेत संस्थेच्या कार्यकारिणीच्याही, बैठकीत गरज मान्य झाल्याचा ठराव घ्यावा. ठरावात ‘प्रयोगशाळा सुसज्ज करणे’ एवढेच लिहिले जाते. ते अपुरे आहे. कोणत्या योजनेकडे, कोणत्या बाबींसाठी, अंदाजे किती रकमेचा प्रस्ताव पाठवायचा, लोकवाटा किंवा संस्थेचा हिस्सा लागल्यास तो कोण देणार, खोली, वीज आणि पाणी कोण पुरवणार आणि मंजुरीनंतर खरेदी समितीत कोण असेल, हे सारे ठरावात यावे. सभेची सूचना, उपस्थितांच्या स्वाक्षऱ्या आणि इतिवृत्त यांच्या तारखा जुळल्या पाहिजेत.

अंदाजित रक्कम ठरवण्यासाठी दर मागवायला हरकत नाही, पण ती ‘अंदाजासाठीची दरचौकशी’ आहे असे पत्रात स्पष्ट लिहावे. याच दरपत्रकांवर मंजुरीनंतर थेट खरेदी करणे ही गंभीर त्रुटी ठरते, कारण त्या वेळी खरेदीला ना मंजुरी होती ना तरतूद.

प्रस्तावाच्या संचात पुढील कागद याच क्रमाने लावून पानांना क्रमांक द्यावेत : पाठवणीचे पत्र, योजनेचा शासन निर्णय, मान्यता आदेश, जागेचा मालकी किंवा भाडेकराराचा पुरावा, तुकडीनिहाय पट, यू-डायस प्लसच्या अहवालाची प्रत, साठा पडताळणीचा तक्ता, प्रयोगनिहाय मागणी तक्ता, ठराव, खोलीची छायाचित्रे, बँक खात्याचा तपशील, आणि मागील कोणत्याही शासकीय अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला). शेवटचा कागद नसेल तर उरलेली फाईल वाचली जात नाही. जुने उपयोगिता प्रमाणपत्र थकलेले असेल, ते पाच वर्षांपूर्वीच्या मुख्याध्यापकांच्या काळातले का असेना, तर आधी ते निकाली काढावे.

संच दोन प्रतींत करावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये.

तपासा : प्रस्तावातील पट, यू-डायस प्लसमधील पट आणि हजेरीपटावरील पट यांतील फरक समजावून सांगता येईल असा आहे का?

टप्पा ६ : मंजुरीचा आदेश पेन्सिल हातात घेऊन वाचा

मंजुरी आली की शाळेत पेढे वाटले जातात आणि आदेश फायलीत जातो. तो किमान दोनदा वाचावा आणि पुढील गोष्टींखाली रेघ ओढावी : कोणत्या लेखाशीर्षाखाली (खर्चाच्या सदराखाली) रक्कम आहे, कोणत्या बाबींसाठी आहे, खर्चाची अंतिम तारीख कोणती, खरेदीची पद्धत कोणती सांगितली आहे, आणि उपयोगिता प्रमाणपत्र कोणाकडे व केव्हा द्यायचे आहे. मागणी ४ लाखांची आणि मंजुरी अडीच लाखांची असेल तर कोणत्या बाबी वगळायच्या हे शाळेने परस्पर ठरवू नये. प्राधान्यक्रम लावून समितीचा नवा ठराव घ्यावा आणि कार्यालयाला कळवावा. उपकरणांसाठी आलेल्या पैशांतून फरशी बसवणे किंवा खोली रंगवणे हा वळवलेला निधी ठरतो, हेतू कितीही चांगला असला तरी.

समग्र शिक्षेचे पैसे आता शाळेच्या खात्यात साठत नाहीत. २०२१ पासूनच्या एकल नोडल खात्याच्या (योजनेचे राज्यात एकच मुख्य खाते ठेवण्याच्या) पद्धतीत शाळेचे खाते शून्य शिलकीचे असते आणि शाळेला खर्चाची मर्यादा दिली जाते. ती मर्यादा ३१ मार्चला काढून घेतली जाऊ शकते. पूर्वीप्रमाणे ‘पैसे आलेत, सावकाश घेऊ’ म्हणणाऱ्या शाळांची मर्यादा समोर दिसत असतानाच परत गेली आहे. पीएफएमएस या शासकीय निधी व देयकांच्या ऑनलाइन प्रणालीवर देयक तयार करणारा आणि मंजूर करणारा असे दोन वेगळे वापरकर्ते असतात. दोघांचे पासवर्ड चालू आहेत का, मुख्याध्यापक बदलले असतील तर नोंदणीकृत मोबाइल क्रमांक बदलला आहे का, हे जानेवारीतच पाहावे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ओटीपी निवृत्त मुख्याध्यापकांच्या फोनवर जातो आणि ते गावाला गेलेले असतात.

टप्पा ७ : खरेदी

राज्याच्या कार्यालयीन खरेदीसाठी उद्योग विभागाने १ डिसेंबर २०१६ रोजी काढलेली नियमपुस्तिका आणि तिच्यातील नंतरच्या सुधारणा लागू आहेत. केंद्रीय अनुदानाच्या काही योजनांत केंद्राचे सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ पाळण्याची अट असते. किती रकमेपर्यंत थेट खरेदी, किती रकमेपर्यंत दरपत्रके आणि कधी ई-निविदा, या मर्यादा वेळोवेळी बदललेल्या आहेत. म्हणून शेजारच्या शाळेने मागच्या वर्षी काय केले हे न विचारता मंजुरी आदेशातील मर्यादा पाहावी आणि ती तिथे नसेल तर लेखी विचारावी.

दरपत्रकांची पद्धत असेल तर किमान तीन पुरवठादारांना एकाच दिवशी, एकाच विनिर्देशांसह, पोचपावती घेऊन चौकशीपत्रे द्यावीत. दरपत्रके बंद पाकिटात घ्यावीत, ठरलेल्या वेळी समितीसमोर उघडून प्रत्येकावर स्वाक्षऱ्या कराव्यात आणि तुलनात्मक तक्ता करावा. तक्त्यात वस्तू व सेवा कर, वाहतूक आणि बसवण्याचा खर्च धरून अंतिम दर लिहावा. नाहीतर करासह दिलेला दर करविरहित दरापेक्षा महाग भासतो. एकाच छापखान्यातून निघालेली, एकाच हस्ताक्षरातली तीन दरपत्रके तपासणाऱ्याला दुरूनच ओळखू येतात.

जेम या शासकीय खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलवरून खरेदी असेल तर वस्तूचे नाव नव्हे, तर तिचे विनिर्देश जुळवावेत. दरांची तुलना करून घेताना ती किमान तीन वेगवेगळ्या उत्पादकांमध्ये झाली पाहिजे. एकाच उत्पादकाचे तीन विक्रेते म्हणजे तुलना नव्हे. तुलनेचा तक्ता त्याच दिवशी छापून ठेवावा, कारण पोर्टलवरचे दर दुसऱ्या दिवशी तसे राहत नाहीत.

सावधान : मर्यादा टाळण्यासाठी एका मागणीचे तुकडे करू नयेत. भौतिकशास्त्राचे साहित्य सोमवारी आणि रसायनशास्त्राचे बुधवारी, त्याच पुरवठादाराकडून, दोन आदेशांनी घेतले तर त्याला तुकडे पाडणेच म्हणतात.

पुरवठा आदेशात विनिर्देश, नग, दर, पुरवठ्याची तारीख, विलंबाचा दंड, हमीचा कालावधी आणि ‘तपासणीनंतरच स्वीकृती’ ही अट लिहावी. आगाऊ रक्कम देऊ नये.

टप्पा ८ : खोकी उघडा, जोडा, चालवून पाहा

एका शाळेत मला साठा पडताळणीसाठी बोलावले होते. दहा सूक्ष्मदर्शी, मूळ खोक्यांत, थर्माकोलसह, दोन वर्षांपूर्वी घेतलेले. खोक्यांवर पुरवठा पावती डकवलेली आणि तिच्यावर ‘माल सुस्थितीत मिळाला’ अशी स्वाक्षरी होती. आम्ही एकेक खोके उघडले. सातव्या खोक्यात ४० पट भिंगाच्या जागी प्लॅस्टिकचे बूच निघाले, आठव्यातही तेच, आणि दोघांच्या नळीत बुरशी धरली होती. हमी संपलेली होती, पुरवठादाराचा फोन लागत नव्हता, आणि स्वाक्षरी करणारे शिक्षक खाली मान घालून उभे होते. त्या दिवशी दहावीची सराव परीक्षा होती आणि टेम्पोवाल्याला घाई होती, एवढेच त्यांचे म्हणणे.

म्हणून माल येईल त्या दिवशी पावतीवर फक्त ‘खोकी मिळाली, तपासणी बाकी’ असे लिहून स्वाक्षरी करावी. नंतर समितीने प्रत्येक उपकरण चालवून पाहावे : सूक्ष्मदर्शीत दोन्ही भिंगांखाली कांद्याच्या पापुद्र्याची काचपट्टी स्पष्ट दिसते का, ॲमीटरचा काटा शून्यावर परततो का, तराजू प्रमाणित वजनाला बरोबर वाचन देतो का, चंचुपात्रात पाणी उकळल्यावर तडा जातो का. रसायनांच्या बाटल्यांवर उत्पादनाची व वापराची अंतिम तारीख आणि बॅच क्रमांक पाहावा. नापसंत वस्तूंचे पत्र त्याच दिवशी ईमेलने आणि टपालाने जावे. जेमवरील खरेदीत स्वीकृतीचे प्रमाणपत्र देण्यासाठी माल मिळाल्यापासून दहा दिवस असतात. ते दिवस गप्प राहून गेले तर माल स्वीकारला असे धरले जाते. दिवाळीच्या किंवा उन्हाळी सुटीच्या तोंडावर पुरवठ्याची तारीख ठेवू नये, ती याचसाठी.

तपासा : स्वीकृतीच्या अहवालावर प्रत्यक्ष चालवून पाहणाऱ्या शिक्षकाची स्वाक्षरी आहे का, की केवळ मुख्याध्यापकांची?

टप्पा ९ : नोंदी, देयक आणि उपयोगिता प्रमाणपत्र

क्रम असा : स्वीकृती अहवाल, साठ्याची नोंद, बिलावर ‘नोंदवही पान क्रमांक अमुक, अनुक्रमांक तमुक वर नोंद घेतली’ असा दाखला, आणि मग देयक. टिकाऊ उपकरणे जडवस्तू संग्रह नोंदवहीत आणि काचसामान व रसायने वापरून संपणाऱ्या वस्तूंच्या नोंदवहीत, स्वतंत्र. उपकरणावर योजनेचे नाव, वर्ष आणि नोंदवहीचा क्रमांक रंगाने लिहावा. कागदी चिकटपट्टी पहिल्या पावसाळ्यातच सुटते. देयक थेट पुरवठादाराच्या खात्यात जावे. मुख्याध्यापकांनी स्वतःच्या खिशातून भरून नंतर रक्कम वळती करून घेणे हे सोयीचे वाटते, पण त्याचा खुलासा करताना पुढची तीन वर्षे जातात.

उपयोगिता प्रमाणपत्र विहित नमुन्यातच द्यावे. केंद्राच्या सहायक अनुदानासाठी तो वित्तीय नियमांतील १२-अ हा नमुना असतो. त्यात मंजुरी आदेशाचा क्रमांक व दिनांक, मिळालेली रक्कम, खर्च, शिल्लक आणि व्याज वेगवेगळे दाखवावे. खात्यावर जमा झालेले व्याज हे शाळेचे उत्पन्न नसते; आदेशाप्रमाणे ते परत भरून चलनाची प्रत जोडावी. अटल टिंकरिंग लॅबसारख्या योजनेत पुढचा हप्ता या प्रमाणपत्रावर आणि लेखापरीक्षित खर्चपत्रकावर अवलंबून असतो. प्रमाणपत्रातील खर्चाचा आकडा कीर्दीतील (रोजच्या जमाखर्चाच्या वहीतील) आकड्याशी, कीर्दीतील आकडा बँक विवरणाशी आणि बँक विवरण प्रमाणकांच्या (खर्चाच्या व्हाउचरांच्या) बेरजेशी जुळले पाहिजे. रुपया-दोन रुपयांचा फरक ‘राउंड केला’ म्हणून सोडू नये.

फाईल बंद करण्याआधी दोन कामे उरतात. पुढील ३० सप्टेंबरच्या यू-डायस प्लस माहितीत प्रयोगशाळेची स्थिती नव्या साठ्याप्रमाणे बदलावी. आणि प्रत्येक उपकरण पहिल्यांदा वर्गात वापरले त्या तासाची तारीख प्रात्यक्षिक नोंदवहीत लिहावी. तपासणी पथक आले की ते कपाट उघडायला सांगते आणि त्यानंतर हीच नोंदवही मागते.